कणगीतला अभ्यास

तुळजापुरात वडील पुजारी असल्यामुळे देवीला आलेली माणसं आमच्याच घरी उतरत. मी हैदराबादला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. परीक्षेआधीच्या सुट्टीत घरी आले, तर ओसरीवर मुरुम गावाकडची मंडळी, माझ्या खोलीत त्यांची गाठोडी आणि माझ्या गादीवर त्यांचं रडणारं बाळ. सहामाहीला मी इतिहासात नापास झाले होते. "आता पुन्हा नापास झालीस तर शाळा बंद," एवढंच वडील म्हणाले होते.

'जरा हळू बोला' एवढं म्हणणंही मला जमायचं नाही. शांत जागा शोधत मी कोठीच्या खोलीत गेले. तिथं धान्याची कणगी रिकामी होती. तुरीच्या काटक्यांनी विणलेली, शेणानं लिंपलेली, माझ्याहून उंच. माळवदाच्या झरोक्यातून थेट तिच्यात उजेड पडायचा. स्टुलावर चढून मी पुस्तकासकट आत उतरले आणि मोठ्यानं पाठ करू लागले.

थोड्याच वेळात बाहेर कुणी बाई कुजबुजली, "अगं बया, कणगी बोलतीया!"

मी पुस्तक मिटलं.

"आई, कोनच्या भाषेत बोलतीस गं? आमास्नी समजंल असं बोल. कुंकू आना कुनी तरी! नारळ आना!"

तेवढ्यात काकू धावत आली. "नारळ खाली ठेवा आदी! देवी न्हाय ती, आमची पोरगी हाय. परीक्षा हाय तिची."

"मंग वाचतीया काय?"

मी कुणाला दिसत नव्हते म्हणून मला धीर आला. आतूनच सांगितलं, "फ्रान्सच्या राजाचं. लोकांना भाकरी मिळेना, म्हणून ते राजावर उठले."

"मंग?"

झालं. सगळी मंडळी कणगीभोवती बसली. बाळालाही कुणीतरी गप्प केलं. मी इंग्रजी ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. जरा थांबले की कणगीवर थाप, "म्होरं?"

राजाचं मुंडकं उडालं तेव्हा एक आजोबा म्हणाले, "आपल्या निजामाचं बरं. नुसतं राज्य गेलं."

"आन् राणीचं?" मघाच्या बाईला चैन पडेना. मी आधी साल सांगू लागले. "साल ऱ्हाऊ द्या वो, राणीचं सांगा!"

राणीचा निकाल लागेपर्यंत मंडळींची मोटार चुकली आणि त्यांचा मुक्काम वाढला. रात्रीच्या भाकरी थापत काकू म्हणाली, "फ्रान्सला भाकरी मिळंना, त्याचं खापर माझ्या तव्यावर!"

इतिहासात मी पास झाले. सालं बहुतेक चुकली होती, पण राणीवर मी पानंच्या पानं लिहिली होती.