दादाला दिसलेलं रॉकेट

आमच्या रॉकेटला सरकारचा पाठिंबा नव्हता, कुणा कंपनीचा तर नव्हताच. साखर कारखान्यात फिटर असलेला माझा दादा, तिथेच लेथ चालवणारा त्याचा क्रेओल दोस्त आणि मी, एवढंच आमचं अवकाश खातं. रशियाचा माणूस पृथ्वीभोवती फिरून आल्याचं रेडिओवर ऐकलं आणि दादाच्या डोक्यात हे खूळ शिरलं. नळी भंगारातली, शेपटीचे पंख रॉकेलच्या डब्याचे, आणि इंधन साखर अन् सोऱ्याचं. आमच्या बेटावरच्या सें पिएर गावाच्या चारी बाजूंना ऊसच ऊस. आम्हाला दुसरं काय सुचणार?

साखरेचं काम माझ्याकडे होतं, कारण पाक मला कळतो. दादा चुलीपाशी उभा राहून सूचना द्यायचा आणि मी खेकसायचे, "तुला लाडू तरी वळता येतो काय?" साखर किंचित करपली तरी रॉकेट रुसायचं. ऊस कापून मोकळ्या झालेल्या रानात आम्ही सहा सोडली. दोन जागीच फुसकली, एक आडवं पळून मुकादमाच्या सायकलीखाली शिरलं. पण शेवटची तीन अशी गेली की मान दुखेपर्यंत आम्ही वर बघत राहिलो. त्या दिवसांत हसले तेवढी मी पुढे कधी हसले नाही.

मग दादाला इंग्लंडात काम मिळालं. मी आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नाही. शेवटी तोच जवळ येऊन बसला.

"एक मोठं करू," तो म्हणाला. "माझी बोट सुटली का तू डोंगरावरनं सोड. मी डेकवरनं बघन. म्हंजे दोघांनी मिळून सोडल्यासारखं होयल."

आमच्या गावामागचा डोंगर चढून गेलं की पलीकडे खाली पोर्ट लुईचं बंदर दिसतं. मी लगेच कबूल झाले. तो जाणारच होता, तर निदान जाताना त्याला आमचं रॉकेट दिसावं, एवढीच माझी इच्छा उरली होती.

हे सातवं रॉकेट माझ्या कमरेएवढं होतं. दादाने ते स्वतः भरलं, मेणकागदात गुंडाळलं आणि मला बजावलं, "पापडावानी सुकं ठेव."

जायच्या दिवशी तो सकाळीच वडिलांबरोबर बंदराकडे निघाला. पाय दुखतात म्हणून आई घरीच होती. तिने मला हाक मारली. "भाऊ पान्यावर चाललाय. नारळ फोडल्याबगर कसं सोडशील गो?"

आमच्यात नवी लॉरी आली तरी नारळ, विहीर खणली तरी नारळ. आधीच्या सहांना कुणी विचारलं नव्हतं, कारण आईच्या लेखी ती खेळणी होती. हे दादाच्या वाटेसाठी होतं. मी कागद सोडला. पंख वाकू नयेत म्हणून रॉकेट आम्ही नेहमी शेपटी वर करून डोक्यावर उभं करायचो, तसंच देवापुढे ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सढळ हाताने पाणी शिंपडलं. आग बाहेर पडायचं भोक वरच्या अंगाला होतं, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. पाक कळणारी म्हणे मी!

दुपारी दोस्त आणि मी डोंगरावर होतो. बोटीचा भोंगा झाला. बोट बंदराबाहेर पडल्यावर दोस्ताने वात पेटवली. सुर्र झालं, भोकातून उतू गेलेल्या काकवीसारखा तपकिरी फेस आला आणि सगळं थंड पडलं. त्याने हात लावून पाहिला. "इन मुये," तो हळूच म्हणाला. भिजलं होतं.

आम्ही आणखी दोन वाती जाळल्या. बोट लहान होत गेली. दादा डेकवर उभा राहून या डोंगराकडेच बघत असणार, हे मला सहन होईना. नारळाला, आईला, स्वतःला शिव्या देत मी तिथेच बसून रडले. बोट दिसेनाशी झाली तरी दोस्त मला ऊठ म्हणाला नाही.

दीड महिन्याने पत्र आलं, बैठकेत, म्हणजे गावच्या संध्याकाळच्या मराठी शाळेत, शिकलेल्या त्याच्या वाकड्या अक्षरांत. "रॉकेट दिसलं. सरळ वर गेलं. डेकवरच्या सगळ्यांना दाखवलं, माझ्या बहिणीचं आहे म्हणून." मी आईला वाचून दाखवलं. "बघ, नारळाचा गुण," ती म्हणाली. मी न्हाणीत जाऊन दार लावून घेतलं.

माझं मन राखायला तो खोटं बोलला होता. मग मीही लिहिलं, हो, इतकं उंच जाईल असं आम्हालाही वाटलं नव्हतं. त्याने तिकडेच संसार मांडला. वर्षं गेली, पत्रं येत राहिली आणि प्रत्येकात तो त्या रॉकेटची आठवण काढायचा. मला लिहायचं असायचं, दादा, परत ये, तुझ्यावाचून इथे करमत नाही. ते एकदाही लिहिलं नाही. त्याऐवजी दर पत्रात मी रॉकेट थोडं आणखी उंच नेत राहिले.