उघड्या आभाळाचा रेडिओ

त्या सकाळी अंगणात मी, आमचे मालक, जाऊबाई, बसला थांबणारी ती पोरगी आणि मागनं धावत आलेल्या शेजारणी व्हतो.

हिंजवडीत आमच्या दारापुढंच कंपनीची बस थांबायची. ती पोरगी रोज हातातला छोटा रेडिओ आभाळाकडं धरून, मान वाकडी करून गाणी ऐकायची. मालक लकव्यानं आत खाटंवर पडलेले. कैक महिनं त्यांनी आभाळ बघितलं नव्हतं. आतनंच वरडले, "पोरी, आम्हाला बी ऐकव की!"

तिनं आत येऊन तार त्यांच्या कानात घातली, तर गाणं बंद.

"आजी, ह्याची गाणी उपग्रहावरनं येतात. ह्याला छप्पर चालत नाही, उघडं आभाळ लागतं."

मग आम्ही तिघींनी खाटच अंगणात काढली. आमच्यात आजारी माणसाला बाहेर काढत्यात ते गेल्यावरच. डोळं मिटून पडलेले मालक बघून शेजारणींनी गळा काढला.

"गप बसा गं! मेलो नाय, गाणं ऐकतोय."

पोरीची बस निघून गेली. ती तशीच रेडिओ धरून हसत उभी राहिली.

आता मालक नाहीत, तसला रेडिओ बी कुठं दिसत नाही. तुमच्या घरात कुणी खाटंवर असंल, तर त्याला जित्तेपणी एकदा अंगणात काढा.