मासा तिचा, पाणी माझं

"घाई काय आहे? मासा कुठे पळून चाललाय?" असं म्हणत ती चष्मा कपाळावर सरकवायची आणि नाक टेकेल इतकी चित्रावर वाकायची.

गुंगालिन या आमच्या उपनगरातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये शनिवारी आमचा लाकडी ठशांचा क्लास असे: फळीवर चित्र कोरायचं, शाई लावून कागदावर छापायचं. किल्ल्या, चहा, साफसफाईची यादी माझ्याकडे. क्लासला येणारी ती आमच्याच गल्लीत लेकीकडे राहायची. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, पण पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "ताई म्हणालीस तर तुझा चहा पिणार नाही."

एकदा शिक्षिकेने जुन्या जपानी ठसाचित्रांचं पुस्तक आणलं. सगळे नदीतले, तळ्यातले मासे. मी वहीत लिहिलं: कार्प, खवले, शेवाळ. मग पुढचं पान. माझं पाहून झाल्यावर पुस्तक तिच्याकडे गेलं, तर क्लास संपेपर्यंत ती पहिल्याच माशापाशी.

"अगं, यात पाणी काढलेलंच नाही. नुसता कोरा कागद. तरी मासा ओला!"

ते चित्र मीही पाहिलं होतं. तुम्हीही नीटनेटक्या वह्या ठेवत असाल, तर माझी जळजळ तुम्हाला कळेल.

लायब्ररीच्या भिंतीवर क्लासमधलं एकच चित्र लागणार होतं. मी अकरा मासे छापले, एकावरही डाग नाही. तिने सहा आठवडे एकच फळी कोरली. शेवटच्या दुपारी तिने फळीला शाई लावली आणि कागद आणायला आत गेली. मासा चमकत होता. यादीत होतं: चार वाजता फळ्या धुणे. चारला पाच मिनिटं कमी होती. मी ओलं फडकं फिरवलं.

"धुतलीस?"

"चार वाजले."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाली आणि त्याच ओल्या फळीवर कागद ठेवून घासू लागली.

उचलला तेव्हा कागदावर फिकट राखाडी मासा होता. पाठ दिसत होती, पोट नुसतं जाणवत होतं, जणू तो तळाशी स्थिर उभा होता.

"ओह, मेट, काय सुंदर!" शिक्षिका हळूच म्हणाली.

भिंतीवर तेच लागलं. कुणीही विचारलं की ती माझ्या खांद्यावर हात ठेवायची. "मासा माझा. पाणी हिचं." लोक मला शाबासकी द्यायचे.

लेकीची बदली झाली आणि ती दूर दुसऱ्या राज्यात, स्प्रिंगफील्ड लेक्सला गेली. चित्र मला देऊन गेली. ते मी दारापाशी लावलंय. खरं काय ते तिला सांगणे, हे माझ्या यादीत कधीचं पहिलं आहे. फोन लावते, तिकडचं हवामान विचारते, ठेवते.

आणि अजूनही जळते. धुतलेल्या फळीवर कागद ठेवून पाहावा, हे मला सुचलं नसतं.