वाटी बघू आधी

अन्याय झाला तो आमच्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांवर. शिमग्याच्या आदल्या शनिवारी, दुपारी सव्वाबारा वाजता, कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याला, आंब्याखाली. वेळ आणि जागा मुद्दाम सांगते, कारण आमच्या संस्थेच्या कागदात यातलं काही आलं नाही. काकांचं नाव मात्र घालत नाही. "माझं नाव कवा छापू नका हां ताई," ते एकदा म्हणाले होते, "पोरीच्या सासरी सगळ्यांना वाचता येतं."

तुमच्यापैकी कित्येकांनी त्यांना पाहिलं असेल. कर्जतपासून खालापूरपर्यंत कुठेही आमची फिकट हिरवी गाडी थांबली, की पन्नाशीचा एक बुटका माणूस खाली न उतरता आधी मागे जायचा. गाडीतल्या फ्रिजच्या डोक्यावर पितळी वाटी ठेवायचा, आतल्या रेघेपर्यंत पाणी ओतायचा, आणि गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून त्या पाण्याकडे बघायचा. तोवर चहा नाही, गप्पा नाहीत. कोणी हाक मारली तर एकच उत्तर: "वाटी बघू आधी."

गाडी परदेशी होती. युरोपातून रस्त्याने आलेल्या एका तरुण जोडप्याने जाताना ती आमच्या संस्थेला देऊन टाकली. आत झोपायची दोन बाकं, एक शेगडी, आणि कमरेएवढा फ्रिज. विजेचा नव्हे, गॅसचा. तळाशी करंगळीच्या नखाएवढी निळी ज्योत, आणि वर लोणी घट्ट! वाडीवरची एक आजी ते बघून म्हणाली, "जाळ घालून गार करतोस? भगत हायस का रं?"

"नाय गं आजी. भगताला कोंबडा लागतो. मला निस्ती सपाट जागा लागते."

ते खरंच होतं. गाडी जरा कलली की तो फ्रिज रुसायचा. ज्योत जळत राहायची, पण थंडी धरायची नाही. आणि आमच्या डोंगराकडेला सपाट जागा म्हणजे लोकांची भातखाचरं. त्यांत चाक घालायला काका कधी तयार झाले नाहीत. ते चपटे दगड शोधायचे, एकेका चाकाखाली सारायचे, गाडी वीतभर पुढे घ्यायचे, की पुन्हा वाटी. पाणी रेघेला चारी बाजूंनी लागलं की मग हात पुसून म्हणायचे, "झाली मुक्कामाची."

उन्हाळ्यात ते गाडीच्या टपावर ओलं किंतान टाकायचे. फ्रिजचं दार कोणी उघडं धरलं तर स्वतःची चप्पल चोरीला जात असल्यासारखे धावायचे. "थंडीला घर नाय ताई. कोंडूनच ठेवायला लागते तिला."

मी तेव्हा बावीस वर्षांची, संस्थेची पत्रकं लिहिणारी. जंगलजमिनीची पत्रकं, ठेकेदारांच्या विरोधातली पत्रकं. गाडीतल्या बाकावर बसून लिहायचे आणि काकांना वाचून दाखवायचे. एकदा गरम पिठल्याचं पातेलं मी तसंच फ्रिजमध्ये ठेवलं. काकांनी ते अलगद बाहेर काढून ओल्या फडक्यावर ठेवलं.

"पिठलं अजून रागात हाय. आत गेलं तर दुसऱ्यांनाबी नासवंल. निवू द्या."

मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाले, "त्यालाबी जरा निवू द्या."

मी चिडले. "काका, हे निवलं तर ठेकेदार खूश होतील."

"तेबी खरं," ते म्हणाले, आणि जरा वेळाने, "मंग तेवढं गरम वाढा."

आता मूळ गोष्ट. त्या फाल्गुनात गाडी आठवडाभर कोंडाण्याच्या पायथ्याला होती. वरच्या वाडीतली तीच आजी आपली नात सांभाळत होती. पोरीची आई बाळंतपणानंतर तापाने गेलेली. दूध मिळायचं ते एका शेळीचं, सकाळी एकदाच. उकळून ठेवलं तरी दुपारी फुटायचं. मग पोरीला पेज. पोरगी रडायचीसुद्धा बारीक.

काका माझ्याकडे आले. डोक्यावरची टोपी हातात. "ताई, म्हातारीचं दूध खालच्या कप्प्यात ठेवू का? सौंस्थेची वस्तू हाय म्हणून विचारतो."

"ठेवा की! विचारता काय?" मी म्हणाले. हे माझे शब्द. नीट लक्षात ठेवा.

पाच दिवस अॅल्युमिनियमचा तो तांब्या, सागाच्या पानाने झाकलेला, खालच्या कप्प्यात होता. आजी सकाळी दूध घेऊन उतरायची, आणि दिवसातून तीनदा वाटीभर घेऊन चढायची. काका आधी ते हुंगायचे, मग बोट लावायचे, मग द्यायचे. पाचव्या दिवशी आजी हसत आली. पोरीने रडून वाडी डोक्यावर घेतली होती म्हणे.

शनिवारी संस्थेचे सचिव आले, मुंबईचे दोन पाहुणे घेऊन. लेणी बघायची, वाडी बघायची, आणि जेवायचं. त्यांचं चीज, अंडी, सोड्याच्या बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या. दार दहादा उघडलं. काका प्रत्येक वेळी हळूच लावून घेत होते. सव्वाबाराला सचिवांनी बाटली ओढली, तांब्या कलंडला, आणि चीजवर दूध सांडलं.

"हे काय? शेळीचं दूध? पाहुण्यांच्या खाण्यात?"

"अर्धं हाय अजून, साहेब. चार वाजेस्तोवर राहू द्या. पोर चारला पिती."

सचिवांनी तांब्या उचलला आणि बाहेर बॉनेटवर ठेवला. सावली तोवर सरकलेली. "कुणाला विचारून ठेवलंस तू हे?"

काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. एकदाच.

पाहुण्यांपैकी एकजण छापखानेवाला होता. माझी पत्रकं पुस्तकरूपाने काढायचं तो सकाळीच बोलला होता. मी फ्रिजवरच्या वाटीकडे बघत राहिले. पाणी अगदी सपाट होतं.

"कुणाला नाय," काका म्हणाले. "माज्या मनानं ठेवलं."

सचिवांनी गाडीची किल्ली तिथल्या तिथे मागून घेतली. काकांनी ती दिली. मग तापलेला तांब्या टोपीत धरून उचलला, हुंगला, आणि वाडीची वाट धरली. आजीला चारला उगाच उतरायला लागू नये म्हणून. माझ्या जवळून जाताना थांबले. आजवर ताई म्हणणारा माणूस म्हणाला, "जातो गं बाय. वाटी बघत जा."

संस्थेच्या कागदात लिहिलंय: संस्थेच्या वस्तूंचा गैरवापर केल्याबद्दल कमी केले. खालापूरकडे त्यांच्या गावी पोचेपर्यंत त्या गैरवापराची चोरी झाली. मी महिन्याने गेले तर घराला कडी. शेजारीण म्हणाली, "मोहोपाड्याला कंपनीत लागलंत म्हनं. पोरीच्या सासरचं लोक काय काय बोललं. त्यांना नाय सोसलं." मोहोपाड्याला मी तीनदा गेले. कारखान्यांच्या फाटकांवर सुट्टीच्या भोंग्याला उभी राहिले. शेकडो टोप्या बघितल्या. ते नव्हते.

गाडीवर नवा ड्रायव्हर आला. त्याने गाडी सोईच्या जागी, उतारावर लावली. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांची मासळी नासली. यंत्रच भिकार, असं ठरलं. आता गाडी खालापूरला संस्थेच्या पडवीत उभी आहे, चारी टायर बसलेले. मी कधी कधी मागचं दार उघडून बघते. वाटी कोणीतरी नेली. फ्रिजच्या डोक्यावर तिचा गोल डाग तेवढा राहिलाय. मी त्यावर हात ठेवते. काय गार असणार तिथे? पण ठेवते.

वाडीवर गेले की आजी विचारते, "थंडीवाला कवा येतोय गं?" तांब्या तिने जपून ठेवलाय. ज्या पोरीसाठी हे झालं ती आता उतारावरून धावते आणि मला बघून आजीच्या लुगड्यामागे लपते.

परवानगी मी दिली होती, असं मी संस्थेला दोनदा लिहून दिलं. उशिरा दिलं, हे कबूल. उत्तर आलं: प्रकरण बंद आहे. एकटीच्या कागदाला ते भीत नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगते. संस्था कुठली ते या दोन तालुक्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. एक पोस्टकार्ड घ्या. लिहा, की ड्रायव्हरने विचारून दूध ठेवलं होतं, त्याच्यावरचा डाग लेखी काढा, आणि तो कागद त्याच्या मुलीच्या सासरी पोचवा. हे वाचून राग आला असेल तर निवू देऊ नका. गरम आहे तोवर लिहा. आजच.