‘चाक’ अक्षरांच्या मागे: आसेगाव, इंझोरी आणि रिठदचं वळण

फिरायचं म्हणून मी निघालो नव्हतो. वाशीमला मी ज्या रेडियमच्या दुकानात कामाला आहे, तिथं एक टिप्पर ड्रायव्हर नंबर प्लेट करायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, “रिठदच्या अलीकडच्या वळणावर नवा बोर्ड लागला न भाऊ. त्याच्यावर काय लिहेल आहे ते जवळ गेल्याबिगर समजतच नाही.”

तो बोर्ड माझा होता. ‘शाळा पुढे आहे. हळू.’ अक्षरंही माझीच. अकरावी सोडल्यावर दोन वर्षं मी शाळेतल्या कंपासने ती आखली. प्रत्येक अक्षर एकाच मापाच्या वर्तुळातून आणि सरळ पट्ट्यांतून, शिरोरेषा उभ्या दांड्याइतकीच जाड. नाव ठेवलं ‘चाक’. गिऱ्हाइकाला जाड अक्षर हवं असतं, म्हणून दुकानाच्या शेठजींनाही ती आवडली. तीन गावांना ही अक्षरं गेली. लहान मुलं त्यांच्या भरवशावर रस्ता ओलांडतात, हे मला त्या ड्रायव्हरसमोर पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

शेठजींकडे सोमवार-मंगळवारची सुट्टी मागितली. शाळा चालू असताना बघायचं होतं. मोटरसायकलमध्ये तीनशेचं पेट्रोल, पिशवीत कटर, कंपास आणि पट्टी. आसेगावकडे नेणारा मंगरूळपीरचा रस्ता बरा आहे, पण सोयाबीनच्या दिवसांत लोक डांबरावरच पीक वाळवतात. गाडीचं चाक त्यावरून घसरतं, तेव्हा बेतानं जा. स्टँडजवळ आलूबोंडा-रस्सा मिळतो. मी मागवला आणि अर्धा ठेवला.

आसेगावचा बोर्ड सरळ रस्त्यावर आहे. त्याच्यापासून पावलं मोजत मागे गेलो. दीडशे पावलांवरूनही मला वाचता आलं. हायसं वाटलं, आणि लगेच लक्षात आलं की काय लिहिलंय ते मला पाठच आहे. माझे डोळे या कामाला निरुपयोगी. मग चहाच्या टपरीवरच्या एका काकांना विचारलं, “त्या बोर्डावर काय लिहिलंय?”

“शिकला नाही काय रे?”

“थोडं शिकलोय. तुम्ही सांगा ना.”

त्यांनी डोळे बारीक केले. “पिवळ्यावर काळे पट्टे दिसून राह्यले. म्हैस बसली असन अशी.” टपरीवाला हसला. मी गाडीला किक मारली.

इंझोरीला बोर्ड नव्हता, शाळेची भिंत होती. आम्ही कागदावर अक्षरं छापून पाठवली होती आणि गावातल्या सुखदेव पेंटरने ती ब्रशने मोठी करून रंगवली होती. दीडशे पावलांवर गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका बाईंना विचारलं. त्यांनी न थांबता वाचलं, “शाळा पुढे आहे, हळू. काहून?”

पेंटरकाकांचं घर भिंतीमागेच. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, “राग नको मानू बाबू. म्या तुह्या ‘ळ’चं पोट उघडं केलं. ‘ह’चंही.”

“का?”

“तू टेबलावर पाह्यलं असन. जाड अक्षर दूर गेलं का आतून भरते. मी रंगवलं का सडकेच्या त्या टोकाले जातो. तू गेला होता काय?”

गेलो नव्हतो. दुकानात कोणीच जात नाही. बोर्ड भिंतीला टेकवतो, समोर उभे राहतो, फोटो काढतो आणि गाडीत टाकतो.

मंगळवारी रिठदचा रस्ता धरला. वळण आलं, त्यात बोर्ड, आणि बोर्डापासून थोड्याच अंतरावर शाळेतून येणारी पायवाट. पायवाटेवर एक आजीबाई नातीचा हात घट्ट धरून उभ्या होत्या. एक टेम्पो तसाच भरधाव गेला. नातीचा फ्रॉक वाऱ्यानं फडफडला.

“बोर्ड लागला तरी हिले न्याले मलेच या लागते,” आजी म्हणाल्या. “कोणीच हळू करत नाही.”

“आजी, तो बोर्ड मी केलाय.”

मला वाटलं त्या शिव्या देतील. त्यांनी मला खालीवर पाहिलं. “मंग आता नीट कर न.”

जवळच्या घरातून शिडी मिळाली. कंपासने ‘ळ’च्या दोन्ही पोटांत मोठी वर्तुळं आखली, कटर फिरवला आणि काळी पट्टी सोलली. खालचा पिवळा पत्रा दिसला. मग ‘ह’. प्रत्येक ट्रकला शिडी हलत होती. दोन वर्तुळं वाकडी गेली. ‘चाक’मध्ये आजवर एकही वाकडं वर्तुळ नव्हतं.

आजी खालून शिडी धरून होत्या. पुढचा टिप्पर वळणावर आला, गिअर पडल्याचा आवाज आला आणि तो हळू झाला.

घरी येऊन आठवडा झाला. कॉम्प्युटरमधल्या अक्षरांची पोटं उघडी केली, गुरुवारी आसेगावच्या बोर्डाचीही. शेठजी म्हणतात, आता थोडी बारीक दिसतात. तरी बोर्ड द्यायच्या आधी मी बाजारातून दीडशे पावलं मागे जातो आणि तिथं भेटेल त्याला तो वाचायला लावतो. भीती मात्र तिथंच आहे. तो टिप्पर अक्षरं वाचून हळू झाला की शिडीवर माणूस पाहून, हे मला माहीत नाही.

तुम्ही वाशीमहून रिठदकडे गेलात, तर मागे बसलेल्याला वळणावरचा बोर्ड वाचायला सांगा. कुठून वाचता आलं, ते मला कळवा. शिडी नसताना.