भावाला वाचता येईल असा राउटर

माझा धाकटा भाऊ आंधळा झाला तो हळूहळू. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. आधी संध्याकाळी दिसेनासं झालं, मग बाजूचं, मग समोरचं. पुण्यातली संगणकाची नोकरी सोडून तो धुळ्याला आईकडे परत आला. मी जळगावला शाळेत भूगोल शिकवते. तो माझ्याहून बराच लहान आहे, मला अक्का म्हणतो.

घरी येऊन तो रिकामा बसला नाही. त्याच्या संगणकात पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर होतं. कुणीही उघडून आत बघावं, हवं तसं बदलावं, अशा मुक्त प्रकारातलं. मला ऐकताना त्यातलं अक्षर कळायचं नाही, इतक्या वेगाने ते बोले. त्याच्या जोरावर त्याने पुण्याच्याच एका कंपनीचं काम मिळवलं. लोकांच्या वेबसाइटी अंध माणसाला वापरता येतात का, ते तपासून सांगायचं. "माझं आंधळेपण आता कामाला लागलं," असं तो म्हणायचा, आणि ते म्हणताना खरंच खूश असायचा.

घोळ घातला तो घरातल्या राउटरने. इंटरनेटवाल्यांनी भिंतीवर बसवून दिलेला पांढरा डबा. वीज गेली की तो आपली सेटिंग विसरायचा, आणि धुळ्यात वीज जायला कारण लागत नाही. मग राउटरचं पान उघडून सगळं पुन्हा भरायचं. पण त्या पानावर शिरताना एक चित्र यायचं, त्यात वेडीवाकडी अक्षरं, ती ओळखून लिहायची. चित्र वाचून दाखवणं त्याच्या सॉफ्टवेअरला जमत नसे. फोनचा कॅमेरा धरून पाहिला, तोही अडखळे. फोटो मला पाठवावा, तर मी वर्गात, आणि तोवर चित्रातली अक्षरं बदललेली. मग आईला बोलवायचं. आईला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. मग शेजाऱ्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं.

"अक्का, मी दिवसभर लोकांना सांगतो की तुमचं पान आंधळ्याला वाचता येत नाही," तो एकदा फोनवर म्हणाला, "आणि माझ्याच घरातलं पान मला वाचता येत नाही."

उपाय त्यानेच शोधला. काही राउटर असे असतात की त्यांचं मूळ सॉफ्टवेअर पुसून त्या जागी मुक्त सॉफ्टवेअर टाकता येतं. मग चित्र नाही, बटणं नाहीत. साधे शब्द टाइप करायचे, साधे शब्द उत्तरात येतात, आणि ते संगणक वाचून दाखवतो. फक्त राउटर त्या जातीचा हवा. आतली चिप ठरावीक, मेमरी पुरेशी. यातलं काहीच खोक्यावर लिहिलेलं नसतं. खोक्यावर असतो मॉडेलचा नंबर, आणि खालच्या बाजूला बारीक अक्षरात आवृत्ती. एकाच नंबराच्या दोन आवृत्त्यांत आत वेगवेगळी चिप.

शाळा सुटली की मी बाजारात जायची. चष्मा कपाळावर चढवून खोकी उलटी करायची, भाऊ फोनवर असायचा.

"व्ही लिहिलंय का? पुढे काय आहे?"

"तीन."

"मग नको. दोन पाहिजे."

दुकानदार मारवाडी होते, वयस्क, फार सोशिक. ते म्हणायचे, "ताई, डबा तोच आहे, कंपनी तीच आहे. रंगसुद्धा तोच. तुम्हाला यात काय खोट दिसते?" मी म्हणायची, माझ्या भावाला दिसते. मग मलाच ते बोलणं कसंतरी वाटायचं.

ऑनलाइन मागवला तर चित्रात एक आवृत्ती, हातात दुसरी. तो परत केला. दुसरा आला, त्याची आवृत्ती बरोबर होती, पण आपल्याकडे विकण्यासाठी त्यात मेमरी कमी घातली होती. तोही परत. त्या महिन्यांत भाऊ मला सकाळी शाळेच्या आधी फोन करायचा आणि एखादं नवं मॉडेल सांगायचा. आईचं काय, त्याच्या जेवणाचं काय, विचारलं तर म्हणायचा, "ते राहू दे, तू एवढं लिहून घे."

दिवाळीच्या सुट्टीत कळलं की चाळीसगावला एक संगणकाचं दुकान बंद होतंय आणि जुना माल काढतंय. मी गाडीने गेले. कोपऱ्यातल्या ढिगात उन्हाने पिवळं पडलेलं एक खोकं होतं. मी ते उलटं केलं, आणि फोनवर नंबर वाचला, आवृत्ती वाचली. 

"अरे, ऐकतोयस ना?"

"अक्का, परत वाच."

मी परत वाचलं. तो हसला. कितीतरी दिवसांनी त्याचं हसणं ऐकलं. तिथूनच मी धुळ्याची पॅसेंजर पकडली.

दारातच आईने मला धरलं, तिच्या अहिराणीत म्हणाली, "बठ्ठा दिन त्या डबापुढेच बठेल ऱ्हास. पोरगं सुकी गयं." मी म्हटलं, आता दिवसभर बसावं लागणार नाही त्याला, होईल सगळं नीट.

त्याने राउटर मांडीवर घेतला. बोटांनी कडा चाचपल्या, भोकं मोजली, मागचं बटण शोधलं. कुणाचीही मदत घेतली नाही. दुपार उलटून गेली. मध्ये एकदा वाटलं बिघडलं, तो कपाळाला हात लावून बसला. मग पुन्हा सुरू केलं. आणि अचानक संगणक बोलू लागला. त्याने ते मुद्दाम सावकाश केलं, मला कळावं म्हणून. राउटर आपलं नाव सांगत होता. भावाने नाव बदललं. संगणकाने नवं नाव वाचलं. तो परत परत तेच ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही इंटरनेटवाल्यांच्या कार्यालयात गेलो. कारण भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याने बाजूला व्हायला हवं होतं, आणि जोडणीचा पासवर्ड नव्या राउटरला द्यायला हवा होता. हे दोन्ही फक्त त्यांच्या हातात होतं.

टेबलामागच्या माणसाने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, त्यांना सांगा, आमच्याच डब्यावर चालतं. पासवर्ड देता येत नाही."

"मला सांगा ना," भाऊ म्हणाला. "मी इथेच आहे."

"सर, तसा नियमच आहे. काही अडचण आली तर फोन करा, आम्ही माणूस पाठवू."

"माणूस नकोय. मला स्वतः करायचंय."

तो माणूस उद्धट नव्हता. त्याने पाणी मागवलं. वरिष्ठांना फोन लावून दिला. वरिष्ठांनीही तेच सांगितलं. आमच्या गल्लीत दुसरी तार फक्त एका कंपनीची येत होती, तिथेही हेच उत्तर. मोबाइलचं सिम घालून बघितलं तर घरात सिग्नल टिकेना. नवा राउटर पांढऱ्या डब्याच्या मागे जोडता आला, चाललाही, पण विसरायचा तो पांढरा डबाच. वीज गेली की पुन्हा तीच अक्षरं, पुन्हा शेजाऱ्यांचं दार.

मी जळगावला परतले. तक्रारी केल्या, मेल लिहिले. उत्तरं नम्र यायची.

मग एका सकाळी कंपनीची मोठ्या ग्राहकाबरोबर बैठक होती, भावाने काम करून दाखवायचं होतं, आणि नेमकी वीज गेली. वीज आली, नेट आलं नाही. शेजारी लग्नाला शिंदखेड्याला गेलेले. आई रस्त्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिली, इंग्रजी येतं का. कुणीतरी आत आलं तोवर बैठक संपली होती. कंपनीने काही ऐकवलं नाही. फक्त पुढचं काम दुसऱ्याला दिलं, त्यानंतरचंही.

संक्रांतीला गेले तेव्हा संगणकावर आईची जुनी साडी टाकलेली होती. भाऊ खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. आई हळूच म्हणाली, "काही बोलस नही तो."

मी जवळ बसले. म्हटलं, ग्राहक मंचाकडे जाऊ, अपंग आयुक्तांना लिहू. मी अजून बोलत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "कनेक्शन बंद केलं मी."

"का पण?"

"नको आता, अक्का."

एवढंच. मी भांडले, रडलेसुद्धा. त्याने माझा हात शोधून धरला, जणू काही समजूत मलाच हवी होती.

आता रविवारी मी त्याला फोनवर पेपर वाचून दाखवते. तो नको म्हणत नाही, मागतही नाही. रावेरकडच्या केळीचे भाव, हतनूर धरणाचं पाणी, कुणाचे सत्कार. मध्येच विचारते, ऐकतोयस ना? तो हो म्हणतो. परवा विचारलं तर आईचा आवाज आला, तो कधीच उठून आत गेला होता. मी ती बातमी संपवली, कारण आई ऐकत होती.