अनुमोदक

आमच्या गावात ग्रामसभेत ठराव मांडणारा सूचक आणि उभं राहून त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक ही नावं बागायतदारांच्या चार घरांबाहेर कधी गेली नाहीत. विहाराजवळच्या आमच्या वस्तीतले लोक मागे बसायचे, हात वर करायचे आणि घरी यायचे. म्हणून सरपंच स्वतः आमच्या दारात आले तेव्हा मला आधी संशयच आला.

परदेशाशी व्यापाराचा करार होणार होता. तिकडची दूधपावडर स्वस्तात येईल म्हणून गावोगाव विरोधाचे ठराव चालले होते. एरवी एकमेकांच्या मयतीलाही न जाणारे दोन गट एकत्र आले. दिल्लीतली बोलणी अडली, आणि कालपर्यंत कराराचे गोडवे गाणारे आमचे पुढारी रातोरात गाईंचे कैवारी झाले.

"आप्पा, अनुमोदक तुम्ही व्हा. सगळं गाव एक हाय, हे वर दिसाय पायजे," सरपंच म्हणाले.

आप्पा म्हणजे माझे वडील. दोन गाई सांभाळून त्यांनी मला आयटीआयपर्यंत शिकवलं. सभेच्या आदल्या दिवशीच त्यांनी सदऱ्याला इस्त्री करून ठेवली.

मी तेव्हा कारेगावात खोली घेऊन एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर होते, चार दिवस सुट्टीला घरी आले होते. करार झाला तर एक्स्पोर्टची लाइन सुरू होईल, तुम्हाला पर्मनंट करतील, असं सुपरवायझरने सांगितलं होतं. ठरावांचे फोटो मोबाइलवर फिरत होते. त्यात बापाचं नाव दिसलं की पर्मनंटच्या यादीतून माझं नाव जाणार, या भीतीने मला घेरलं.

"आप्पा, तुम्ही उभं राहू नका," मी म्हणाले.

"आगं, आपल्याला पयल्यांदाच इचारलंय."

"त्यांना फोटोपुरता माणूस पाहिजे, म्हणून विचारलंय."

हे मी बोलायला नको होतं. खरं होतं म्हणून तर नकोच होतं.

सभेत सरपंचांनी नाव पुकारलं. आप्पा मान खाली घालून बसून राहिले. शेवटी सरपंचांचा चुलतभाऊ उभा राहिला.

पुढे दूध वगळून करार झाला. पुढाऱ्यांनी फटाके वाजवले. एक्स्पोर्टची लाइन दुसऱ्या राज्यात गेली आणि आमचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. ठरावाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. आमच्या गावाचा कागद कुणी वाचला असेल असंही मला वाटत नाही.

आप्पांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर मला सोसलं असतं. ते अजून प्रत्येक ग्रामसभेला वेळेआधी जातात आणि आता पहिल्या रांगेत बसतात. त्यांना पुन्हा कुणी विचारलेलं नाही.